दुधातला पुष्कराज

प्रश्न : मुलीच्या पत्रिकेवरून आम्हाला पुष्कराज घ्यायला सांगितले आहे. पंढरपुरात प्रदक्षिणा मार्गावर एका विक्रेत्याने पिवळा खडा दुधाच्या वाटीत टाकून दाखवला, तर दूध पिवळसर दिसू लागले. ‘खऱ्या खड्याशिवाय असं व्हायचं नाही,’ असे तो म्हणाला. त्याच्याकडूनच माझ्या जावेने घेतलेला खडा ओळखीच्या सराफांनी दोन बोटांत धरला आणि ‘काच वाटते’ म्हणाले. सासरे म्हणतात, हाताला थंड लागला की खरा. शेजारच्या काकू म्हणतात, काचेवर चरा पाडला की खरा. यातले कोणाचे ऐकायचे? पैसे मोजण्याआधी खात्री करून घ्यायची काही रीत आहे का?
— एक वाचक, पंढरपूर

उत्तर : एका खड्याला चार परीक्षक लाभले की गोंधळ व्हायचाच. तुमचा प्रश्न थोडक्यात असा की, खडा खरा आहे हे घरात किंवा दुकानात, पैसे देण्याआधी कळू शकते का? खोटा खडा पुष्कळदा घरीच पकडता येतो. खरा खडा मात्र घरी सिद्ध करता येत नाही. एवढे लक्षात ठेवले की तुमच्या चारही परीक्षकांची ज्याची त्याची जागा ठरते.

खडा खरा का, असे आपण एका दमात विचारतो. पण त्यात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. ज्या नावाने विकतात तोच हा पदार्थ आहे, की काच किंवा दुसराच कुठला स्वस्त दगड? तोच असेल तर जमिनीत तयार झाला, की भट्टीत? आणि जमिनीतला असेल तर खाणीतून निघाल्यावर रंग खुलवायला किंवा चिरा बुजवायला त्याच्यावर काही केले आहे का? किंमत या तिन्ही उत्तरांवर ठरते. घरगुती परीक्षा जेमतेम पहिल्या प्रश्नापर्यंत पोचतात. पुढच्या दोन प्रश्नांवर त्या काही बोलत नाहीत.

आता दुधाची वाटी घेऊ. दूध पांढरे असते आणि पडणारा उजेड ते सगळीकडे पसरवते. पारदर्शक रंगीत वस्तू त्यात ठेवली की तिच्यातून आरपार गेलेला उजेड रंगीत होऊन भोवतालच्या दुधावर पडतो. दूध होते तसेच असते, त्यावरचा उजेड तेवढा पिवळा होतो. खात्री करायची असेल तर कासाराकडून पिवळ्या काचेची बांगडी आणा आणि तिचा तुकडा त्याच वाटीत टाका. तोही पुष्कराज ठरेल! माणिक टाकल्यावर दूध गुलाबी दिसणे आणि पाचूने हिरवे दिसणे हा याच खेळाचा भाग आहे. गोमेद रात्रभर गोमूत्रात ठेवला की रंग बदलतो, हेही असेच ऐकीव. खनिजाचे स्फटिक एका रात्रीत आपली घडण बदलत नाहीत. रंग खरोखरच उतरला, तर तो वरून चढवलेला होता एवढेच सिद्ध होईल.

सासऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धे. स्फटिकरूप खनिजे काचेपेक्षा उष्णता लवकर ओढून घेतात, म्हणून बोटाला किंवा ओठाला थंड लागतात. प्लॅस्टिक आणि खडा यांतला फरक असा लगेच कळतो. काच आणि खडा यांतला फरक मात्र इतका बारीक असतो की सवयीच्या हातालाही चकवतो. त्यातून चैत्री वारीच्या उन्हात दुपारभर हातगाडीवर तापलेला अस्सल नीलमही थंड लागणार नाही, आणि वातानुकूलित दुकानातली काच गारेगार लागेल.

काकूंची परीक्षा कठिणपणाची आहे. खनिजांचा कठिणपणा मोजायला मोस नावाच्या जर्मन खनिजतज्ज्ञाने एक ते दहा अशी श्रेणी लावली. साधी काच त्यात साडेपाचच्या आसपास येते, गारगोटी आणि स्फटिक सातवर, पुष्कराज, माणिक व नीलम नऊवर, हिरा दहावर. म्हणजे काचेवर चरा पाडणारा खडा काच नाही, इथवर काकूंचे बरोबर. पण पुष्कराजाच्या नावावर सर्रास खपणारा सुनेला हा पिवळा स्फटिक असतो आणि तोही काचेवर मजेत चरा पाडतो. शिवाय घासताना खऱ्या खड्याची कड उडू शकते, आणि ती उडाल्यावर दुकानदार तो तुमच्याच गळ्यात घालील. हिरा हातोड्याने फुटत नाही ही समजूतही इथेच निकालात काढू. कठीण असणे म्हणजे चरा न पडणे. फुटणे ही वेगळी गोष्ट. हिरा ठरावीक पातळ्यांवर दुभंगतो. जुने हिरे कापणारे कारागीर याच गुणाचा उपयोग करून तो फोडत.

राहिले सराफ. रोज शेकडो खडे हाताळणाऱ्याच्या नजरेला किंमत आहे. काचेच्या खड्याच्या पैलूंच्या कडा बोथट, किंचित गोलसर असतात, तर कठीण खड्याच्या कडा धारदार राहतात. साच्यात ओतलेल्या काचेचा पैलू कधी मधोमध थोडा खोलगटही दिसतो. सराफांना बहुधा हेच दिसले असेल. तरी नजर हा शेवटचा पुरावा नव्हे. मुघल बादशहांनी आपली नावे कोरून घेतलेला ‘तैमूर रुबी’ नावाचा साडेतीनशे कॅरटहून मोठा लाल खडा आज ब्रिटिश राजघराण्याकडे आहे. शतकानुशतके तो माणिक म्हणून मिरवला, पण प्रत्यक्षात तो स्पिनेल नावाचे वेगळे खनिज आहे. ब्रिटिश राजमुकुटातला ‘ब्लॅक प्रिन्स रुबी’ही स्पिनेलच. कौटिल्याने अर्थशास्त्रात खजिन्यात येणाऱ्या रत्नांच्या परीक्षेला स्वतंत्र प्रकरण दिले आहे, म्हणजे ही चिंता जुनीच आहे. पण डोळ्यांना जे दिसत नाही ते मोजायची साधने अगदी अलीकडची.

प्रश्न : मग आमच्यासारख्यांनी घरी किंवा सराफाकडे बसून करता येईल अशी एकही परीक्षा नाही?

उत्तर : आहे, आणि तिला लागतो तो सराफाचा बारीक वजनकाटा, एक पेला पाणी आणि दोरा. खडा मोकळा हवा, अंगठीत बसवलेला चालणार नाही. खडा आणि काच दिसायला सारखी असली तरी तेवढ्याच आकारात दोन्हींचे वजन वेगळे भरते, आणि ते फसवणे अवघड असते.

आधी कोरड्या खड्याचे वजन घ्या. समजा ते १ ग्रॅम, म्हणजे ५ कॅरट भरले. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. खडा बारीक नायलॉनच्या दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा धरा. तो तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका, अंगाला हवेचे बुडबुडे चिकटले असतील तर झटका. आता काटा जेवढे वजन दाखवील, तेवढे पाणी खड्याने बाजूला सारले. पहिल्या वजनाला या आकड्याने भागले की खड्याची घनता मिळते.

खरा पुष्कराज, म्हणजे पिवळा नीलम, असेल तर काटा जवळपास ०.२५ ग्रॅम दाखवील, म्हणजे घनता चार. माणिक आणि नीलम यांचेही उत्तर हेच येते, कारण तिघे एकाच घराण्यातले. तिघेही ॲल्युमिनियमचे ऑक्साइड, फक्त क्रोमियम, लोह, टायटॅनियम अशा धातूंच्या अंशाने रंग बदललेले. सुनेला असेल तर काटा ०.३८ च्या आसपास जाईल. साधी काच असेल तर ०.४० च्या पुढेमागे. टोपाझ ०.२८ दाखवील, तोही पुष्कराजाच्या नावाने विकला जातो, पण खनिज अगदी निराळे. आणि बाजारात ‘अमेरिकन डायमंड’ किंवा ‘जरकन’ म्हणून मिळणारा पिवळा खडा असेल तर आकडा ०.१७-०.१८ इतका खाली येईल, कारण तो खूप जड असतो. काटा ग्रॅमच्या हजाराव्या भागापर्यंत दाखवणारा असेल तर टोपाझ आणि पुष्कराज वेगळे ओळखता येतात. जाडसर काट्यावर हा फरक चुकू शकतो.

या परीक्षेच्या मर्यादाही सांगतो. शिसे घातलेली काच जड होते आणि कधी भलत्याच खड्याचा आकडा दाखवते. त्याहून मोठी अडचण म्हणजे भट्टीत बनवलेला पुष्कराज इथे शंभर टक्के पास होईल.

प्रश्न : भट्टीतला पुष्कराज म्हणजे काचच ना?

उत्तर : नाही, आणि घोटाळा इथेच होतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ओग्युस्त व्हर्नुई याने ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी ज्वाळेत वितळवून माणिक तयार करण्याची रीत १९०२ साली जाहीर केली. घड्याळांतले ‘ज्वेल’ पुढे याच रीतीने बनू लागले. अशा माणकाचे रसायन, कठिणपणा, घनता, प्रकाश वाकवण्याची ताकद सगळे खाणीतल्या माणकासारखेच असते. त्याला काच म्हणणे चूक, आणि नैसर्गिक म्हणून विकणे ही फसवणूक.

फरक शोधावा लागतो तो आत, दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली. जमिनीत लाखो वर्षे सावकाश वाढलेल्या खड्यात दुसऱ्या खनिजांचे कण, रेशमी धाग्यांसारख्या बारीक सुया, चिरांच्या जाळ्या, सरळ किंवा कोनात वळणारे रंगाचे पट्टे सापडतात. ज्वाळेतल्या खड्यात ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या वर्तुळाकार खाचांसारख्या वाकलेल्या रेषा आणि क्वचित वायूचे बुडबुडे दिसतात. पिवळ्या खड्यात मात्र या वाकलेल्या रेषा पकडणे जाणत्यालाही कठीण जाते. साध्या काचेतही बुडबुडे असतात, पण ते बहुधा गोल आणि ठसठशीत. म्हणून मोठा, गडद रंगाचा, आतून नितळ आणि तरी स्वस्त खडा दिसला की खूश होण्याआधी थबका. निसर्ग या चार गोष्टी एकत्र फारशा देत नाही.

नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली माणिक लाल पेटले म्हणजे अस्सल, असे काही दुकानदार सांगतात. पुष्कळ नैसर्गिक माणके त्या उजेडात चमकतात हे खरे, पण भट्टीतली बहुधा त्याहून जोरात चमकतात. परीक्षा उलटी फिरते ती अशी. हिऱ्याचेही तेच. हिरा तपासायचे साधे पेनसारखे यंत्र उष्णतेवर चालते. त्याला काच कळते, ‘अमेरिकन डायमंड’ कळतो, पण मॉइसनाइट नावाचा खडा ते बिनदिक्कत हिरा म्हणून पास करते, आणि प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा हा तर हिराच असल्याने तोही पास होतो. भारताच्या पंतप्रधानांनी २०२३ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला दिलेला साडेसात कॅरटचा हिरा प्रयोगशाळेतलाच होता. देणाऱ्याने तसे उघड सांगितले म्हणून त्यात कोणाची फसवणूक झाली नाही. सगळा फरक सांगून विकणे आणि लपवून विकणे यातला आहे.

तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे प्रक्रियेचे, स्वरूपही असेच. माणिक, नीलम, पुष्कराज तापवून त्यांचा रंग सुधारण्याची पद्धत जुनी आणि व्यापारात मान्य आहे, फक्त ती सांगायला हवी. पाचूतल्या चिरांत तेल भरणे हेही नेहमीचे. पण काही निकृष्ट माणकांच्या चिरांत शिशाची काच भरतात. असा खडा भिंगाखाली हलवला की चिरांतून निळसर झळक दिसते. सोनाराच्या ज्वाळेने, आम्लाने, इतकेच काय लिंबाच्या रसानेही ती काच खराब होऊ शकते. पुष्कराजाच्या बाबतीत बेरिलियम धातूबरोबर तापवून फिकट खड्याला गडद पिवळा रंग चढवण्याची एक रीत आहे. ती तर साध्या भिंगालाही दिसत नाही, प्रयोगशाळेतली यंत्रेच ती पकडतात.

प्रश्न : मंदिराच्या परिसरात स्फटिकाच्या माळा, मोती, पोवळी, तुळशीच्या माळा असे सगळे मिळते. त्यांच्या काही खुणा सांगाल का?

उत्तर : विठोबाच्या गळ्यात कौस्तुभ मणी असलेल्या गावात मण्यांची दुकाने असणारच. एकेक घेऊ.

स्फटिकाच्या मण्यात डोळे बारीक करून आधी बुडबुडे शोधा. गोल बुडबुडा सापडला की ती काच. मणी टपोरा असेल तर तो कागदावर काढलेल्या बारीक रेघेवर किंवा केसावर ठेवून हळूहळू फिरवा आणि वरून भिंगातून पाहा. स्फटिक प्रकाशकिरण दुभंगतो, त्यामुळे काही दिशांना रेघ दुहेरी दिसते. काचेतून ती कशीही फिरवली तरी एकच राहते. अंधारात दोन स्फटिक घासले की उजेड दिसतो, हे लहानपणी गारगोट्या घासलेल्यांना माहीत आहे आणि ते खोटे नाही. पण विकत घेण्याच्या माळेवर हा प्रयोग केला तर मण्यांवर चरे पडतील.

मोत्याचे पहिले लक्षण त्याचे भोक. भिंगातून किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून भोकाची कड पाहा. काचेवर किंवा प्लॅस्टिकवर चढवलेला मोतिया रंग तिथे पापुद्र्यासारखा निघालेला दिसतो. मोती दातांच्या कडेवर अलगद घासला तर खरा किंचित खरखरीत लागतो, नकली गुळगुळीत सरकतो. मात्र ही खरखर कल्चर्ड मोत्यालाही असते, आणि तो नकली नव्हे. जपानच्या मिकिमोतो यांनी १८९३ साली शिंपल्यात मोती वाढवून दाखवला, तेव्हापासून बाजाराचे रूप बदलले आणि आज दुकानात मिळणारे जवळपास सगळे मोती असे वाढवलेलेच असतात. ‘समुद्रातला नैसर्गिक, बसऱ्याचा’ असे सांगून कोणी मोती स्वस्तात देऊ लागला तर त्याचा निवाडा क्ष-किरण तपासणीशिवाय होत नाही, हे त्याला ऐकवा.

पोवळे म्हणजे समुद्रातल्या सूक्ष्म जिवांनी रचलेला चुनखडीचा सांगाडा. लिंबाचा थेंब टाकला की फेस येतो, त्यामुळे काच आणि प्लॅस्टिक बाद होतात, पण चकाकीही जाते. शिवाय रंगवलेला शंख-शिंपलाही तसाच फेसाळतो. त्यापेक्षा भिंगातून पाहा, खऱ्या पोवळ्यात बारीक समांतर रेषा दिसतात. नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा बोळा मागच्या बाजूला हलकेच फिरवा. बोळा लाल झाला तर रंग कोणी दिला ते कळले.

तुळशीची माळ रत्नांत मोडत नाही, पण वारकऱ्याला ती रत्नांहून मोलाची. तुळस हे लहान झुडूप, तिचे खोड बारीक. त्यामुळे बोराएवढे गुळगुळीत, एकसारखे मणी आणि तेही मूठभर पैशांत मिळत असतील तर लाकूड दुसरे असण्याचा संभव मोठा. कोमट पाण्यात बुडवल्यावर रंग सुटला तर उघडच आहे. पाण्यात तरंगते की बुडते यावरून मात्र काही ठरत नाही.

प्रश्न : गर्दीत एकाने हिरवा खडा दाखवून, तो चंद्रभागेच्या वाळवंटात सापडलेला पाचू आहे असे सांगितले. असे होऊ शकते का?

उत्तर : चंद्रभागेच्या, म्हणजे भीमेच्या, वाळूत खडे जरूर सापडतात, पाचू नाही. आपले दख्खनचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनले आहे, आणि भीमाशंकरपासून पंढरपूरपर्यंत नदी याच काळ्या पाषाणातून वाट काढते. लाव्हा थिजताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांतून झिरपणाऱ्या पाण्याने अकीक, गारगोटी, जांभळा स्फटिक आणि झिओलाइट गटातली खनिजे तिथे जमवली. पाचूला लागणारे बेरिलियम आणि त्याला घडवणारे खडक निराळे. भारतात पाचू राजस्थानात मिळाला, माणके कर्नाटक आणि ओडिशाकडे. महाराष्ट्रात हिऱ्यांसाठी नाव होते ते वैरागडचे, आजच्या गडचिरोली जिल्ह्यात. तिथल्या खाणीचा उल्लेख ऐन-इ-अकबरीत आहे.

म्हणजे आपल्या भागात सुंदर खनिजे नाहीत असे नव्हे. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीत निघालेल्या निळ्या कॅव्हनसाइटसाठी जगभरचे संग्राहक जीव टाकतात, आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात दख्खनच्या पोटातली असली खनिजे मांडून ठेवली आहेत. वाळवंटात सापडलेली पट्टेदार गारगोटी खिशात टाकून घरी न्या, तिला पैसे पडत नाहीत. हिरव्या खड्याला मात्र नमस्कार करून पुढे चला.

प्रश्न : अंगठीवर हॉलमार्क असेल आणि दुकानदार प्रमाणपत्रही देत असेल, तर निश्चिंत राहायला हरकत नाही ना?

उत्तर : हॉलमार्क सोन्याचा असतो, खड्याचा नव्हे. अंगठीवर कोरलेला सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकून सोन्याची शुद्धता पडताळता येते. त्यावरून वर बसवलेला खडा काच की पुष्कराज हे कळत नाही. उलट खड्याचे वजन सोन्यात धरून सोन्याच्या भावाने पैसे घेतले जात नाहीत ना, एवढे बघा. पावतीवर सोन्याचे निव्वळ वजन आणि खड्याचे वजन वेगवेगळे लिहिलेले हवे.

कोंदणाची मागची बाजूही पाहा. जुन्या जडावाच्या दागिन्यांत पाठ बंद असे आणि खड्याखाली चमकदार पत्रा घालून तो उजळवत. ती त्या कामाची शैली होती. नव्या अंगठीत पाठ बंद असेल तर मात्र रंग खड्याचा की पत्र्याचा, हे कळायला मार्ग उरत नाही. दोन थर चिकटवून केलेला खडाही बंद कोंदणात बेमालूम लपतो. तोच मोकळा करून पाण्यात ठेवला आणि बाजूने पाहिला तर सांधा दिसतो. म्हणून आधी मोकळा खडा घ्यावा, तपासून घ्यावा आणि मग तो बसवायला द्यावा.

प्रमाणपत्र कोणाचे, हा पहिला प्रश्न. दुकानाने स्वतःच छापलेले कार्ड म्हणजे दुकानदाराचाच शब्द, फक्त जाड कागदावर. जयपूरची आयआयजीजे-आरएलसी (पूर्वीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी), मुंबईची जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, तसेच जीआयए, आयजीआय अशा विक्रीशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेचा अहवाल असेल तर त्यावर खनिजाचे नाव, ते नैसर्गिक की प्रयोगशाळेतले, प्रक्रिया केली आहे का, वजन, मापे आणि अहवालाचा क्रमांक असतो. तो क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहा. मग खड्याचे वजन आणि मापे अहवालाशी ताडून घ्या, कारण एका चांगल्या खड्याच्या अहवालावर दुसराच खडा विकण्याची युक्ती नवी नाही. अहवालात ‘हायड्रो’ असा शब्द दिसला तर ती बहुधा काचच समजा. ‘अभिमंत्रित’, ‘ऊर्जित’, ‘सिद्ध’ या शब्दांनी खड्याच्या खनिजात काही फरक पडत नाही.

वजनातही एक मेख आहे. ज्योतिषी रत्तीत सांगतात आणि रत्ती दोन तऱ्हेची चालते. गुंजेएवढी जुनी, म्हणजे कच्ची, रत्ती साधारण ०.१२ ग्रॅमची, तर जवाहिऱ्यांची पक्की रत्ती सुमारे ०.१८ ग्रॅमची. पाच रत्तीचा खडा म्हणजे एका हिशेबाने तीन कॅरट आणि दुसऱ्या हिशेबाने साडेचार कॅरट. भाव पक्क्या रत्तीचा आणि माल कच्च्या रत्तीचा असे होऊ नये म्हणून वजन कॅरटमध्ये किंवा ग्रॅममध्ये लिहून घ्या. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, जगात कुठेही.

प्रश्न : एवढे सगळे ऐकून आता आम्ही नेमके काय करावे?

उत्तर : पुष्कराज घालावा की नाही, हा तुमच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, आणि या सदराला त्यातले काही कळत नाही. घ्यायचेच ठरले असेल तर वारीच्या गर्दीत, उभ्या उभ्या, ‘आजच भाव आहे’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. पन्नास-शंभर रुपयांची पिवळ्या खड्याची अंगठी हौस म्हणून घेतली तर त्यात काही बिघडत नाही. खोटा खडा खोटा म्हणून विकला तर तो कोणाला फसवत नाही. पण हजारोंची रक्कम असेल तर मोकळा खडा, स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल आणि पक्की पावती, या तिन्ही गोष्टी मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.

त्या पावतीवर ‘पुष्कराज’ एवढेच लिहून चालणार नाही. ‘नैसर्गिक पिवळा नीलम, अमुक कॅरट, प्रक्रिया अमुक, अहवाल क्रमांक अमुक’ असे लिहून मागा. व्यवहारात पुष्कराजाच्या नावाखाली सुनेला, टोपाझ आणि काच अशी बरीच मंडळी वावरतात, म्हणून खनिजाचे नाव हवे. विक्रेता असे लिहून द्यायला कांकू करू लागला, तर खडा न तपासताच तुम्हाला उत्तर मिळाले असे समजा. लिहून दिलेले पुढे खोटे निघाले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे, म्हणजे तुमच्या बाबतीत सोलापूरला, दाद मागता येते. त्यासाठी मुदत दोन वर्षांची. दुधाची वाटी तिथे पुरावा म्हणून चालणार नाही. पावती चालेल, तेवढी जपून ठेवा.